ग्रंथ गुरू कसा होईल, असं आई विचारते

पत्र:

ताई, नमस्कार. मी मूळची परभणी जिल्ह्यातली, लग्न होऊन पिंपरीत आले, नवरा शीख आहे, लव्ह मॅरेज, दोन्हीकडून आधी कुरबुर झाली पण आता सगळं नीट आहे. सासूबाई (मी मम्मीजी म्हणते) खरंच जीव लावतात. प्रश्न वेगळाच आहे. आमच्या माहेरी आईने एका महाराजांचा अनुग्रह घेतलाय, घरात त्यांचा फोटो, गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा, कुठलाही मोठा निर्णय त्यांना विचारून. इथे मम्मीजी म्हणतात आपले गुरू म्हणजे गुरू ग्रंथ साहिब, दुसरा कुणी नाही. आई म्हणते, "पुस्तक कधी कुणाचा कान पकडतं का? गुरू जिवंत लागतो. आणि पुस्तकाला पंखा घालायचा, पांघरूण घालायचं, झोपवायचं, मग ही मूर्तिपूजा नाही तर काय?" मला दोघींना उत्तर देता येत नाही.

त्यात एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीच्या दिवशी सकाळी आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो, तिथे जो हुकमनामा (ग्रंथ सहज उघडून वाचलेला त्या दिवसाचा उतारा) निघाला त्यात 'मुहलति पुनी पाई भरी' असं काहीतरी होतं, बुआजींनी कानात अर्थ सांगितला की मुदत संपली, जिवाला धरून नेलं. माझे हातपाय गार पडले. सासरे बरे आहेत, रोज फिरायला जातात, पण तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर रोजचा हुकमनामा आला की मी तो न उघडताच डिलीट करते.

आता मम्मीजींना घरी सहज पाठ (सगळा ग्रंथ सवडीने वाचून काढणं) करायचाय, म्हणतात बाबाजींना (ग्रंथालाच त्या असं म्हणतात) घरीच आणू, कायमचं. फ्लॅट टू बीएचके, दोघं नोकरीवाले, मुलगी तीन वर्षांची. मला गुरुमुखी वाचता येत नाही. आई म्हणते पाळीच्या दिवसांत चुकूनही हात लावू नकोस. मी काय करू?

— दोन घरांच्या मधे अडकलेली

उत्तर:

अगं, तुझ्या आईचं ते कान पकडायचं वाक्य मला फार आवडलं, कारण तिने जो प्रश्न विचारलाय ना तोच प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी जोग्यांनी गुरू नानकांना विचारला होता आणि तो ग्रंथात जसाच्या तसा लिहून ठेवलाय. सिद्ध गोसटि नावाची एक मोठी रचना आहे, राग रामकलीत, नाथपंथी सिद्ध आणि नानक यांच्यातली प्रश्नोत्तरं. त्यात सिद्ध विचारतात, 'तेरा कवणु गुरू जिस का तू चेला', म्हणजे बाबा रे तुझा गुरू कोण, तू कुणाचा चेला? आणि नानक उत्तर देतात, 'सबदु गुरू सुरति धुनि चेला'. शब्द हा गुरू आणि त्याच्यात लागलेलं ध्यान हा चेला. बघ, अजून ग्रंथ बांधलेला नाही, अजून नऊ गुरू व्हायचेत, आणि पहिलाच माणूस सांगतोय की माझा गुरू शब्द आहे. तेव्हा आईला पहिलं हे सांग की हा 'गुरू संपले म्हणून पुस्तक ठेवलं' असला प्रकार नाही.

मी स्वतः शीख नाही, पण माझं माहेर नांदेडचं, आणि नांदेडच्या माणसाला हा विषय टाळून राहताच येत नाही, कारण 1708 साली गोदावरीच्या काठी आमच्याच गावात गुरू गोबिंदसिंगांनी देह ठेवला आणि जायच्या आधी गुरुगादी कुठल्याही माणसाला न देता ग्रंथाला दिली. परंपरा सांगते की त्यांनी ग्रंथासमोर पाच पैसे आणि नारळ ठेवला, प्रदक्षिणा घातली आणि स्वतः माथा टेकला. 2008 साली त्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा गावातले रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला, अजूनही आमच्याकडे लोक 'गुरु-ता-गद्दीच्या आधी' आणि 'गुरु-ता-गद्दीच्या नंतर' असा काळ मोजतात. पण रस्त्यापलीकडे जाऊन तिथे नेमकं काय झालं हे आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असतं, गुरुद्वारा बघायचा, लंगर जेवायचं, परत यायचं, एवढंच.

तर काय झालं होतं? ग्रंथ त्याच्या बऱ्याच आधी तयार झाला होता. पाचवे गुरू अर्जन देव यांनी अमृतसरला तो संपादित केला, भाई गुरदास लिहून घेत होते, आणि 1604 मध्ये हरिमंदिर साहिबात तो ठेवला गेला, बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे आणि सांभाळणारे. नंतर नववे गुरू तेगबहादूर यांची बाणी (रचना) गुरू गोबिंदसिंगांनी त्यात घातली, आणि स्वतःची एक ओळही त्यात घातली नाही असंच सर्वसाधारणपणे मानलं जातं. विचार कर, ज्याच्या शब्दावर लोक डोकं द्यायला तयार होते तो माणूस शेवटी सांगतो की माझ्यानंतर देहाकडे बघू नका, ह्या शब्दाकडे बघा. 'सब सिखन को हुकम है गुरू मान्यो ग्रंथ' ही ओळ तू अरदासनंतर (प्रार्थनेनंतर) ऐकली असशील, ती याच प्रसंगाची आठवण.

आता आपल्या मराठी घरात हे इतकं परकं वाटायचं कारण नाही खरं म्हणजे. तुझी आई पारायणाला बसत असेल तेव्हा ज्ञानेश्वरीला माउलीच म्हणत असेल ना. आणि समर्थांनी शिष्यांना काय सांगितलं? 'आत्माराम दासबोध, माझे स्वरूप स्वतःसिद्ध'. माझी काया आणि वाणी गेली म्हणून रडत बसू नका, हे ग्रंथ म्हणजे मीच. हे आईला पटकन समजेल. फरक एवढाच की आपल्याकडे ग्रंथही राहिला आणि मठ, गाद्या, महाराजही राहिले, ज्याला जो रुचेल तो त्याने धरला. शिखांनी दुसरं दार बंद करून टाकलं. (सगळ्यांनी नाही हं, नामधारींसारखे काही आहेत जे देहधारी गुरू मानतात, पण मम्मीजी ज्या रीतीत आहेत तिथे ते चालत नाही.)

दार बंद केल्याने काय फायदा झाला हे मी जरा स्पष्टच बोलते. ग्रंथ कुणाच्या घरी राहायला येत नाही, कुणाची जमीन नावावर करून मागत नाही, 'माझ्या सेवेत ये' म्हणून कुणाच्या मुलीला बोलवत नाही. तुझ्या आईच्या महाराजांबद्दल मी काही बोलत नाहीये, ते सज्जन असतील, त्यांच्यामुळे आईला आधार मिळालाय तर तो तिचा आहे, तू तिथे वाद घालू नकोस. पण एकूण बाबालोकांचा बाजार आपण बघतोच आहोत. आणि गुरुद्वाऱ्यात एक गोष्ट नीट बघून ये, कितीही मोठा माणूस आला, जथेदार असो, मंत्री असो, करोडपती असो, सगळे खाली जमिनीवर बसतात आणि उंचावर एकच असतो तो ग्रंथ. जो कथा सांगतो तोही खालीच. त्याला मान मिळतो, पण गुरूपण नाही.

मग कान कोण पकडतो? आईचा हा मुद्दा सोडून द्यायचा नाही, तो खरा आहे. गुरूने चूक दाखवली पाहिजे. याचं उत्तर चौथ्या गुरूंच्या, रामदासजींच्या, एका ओळीत आहे: 'बाणी गुरू गुरू है बाणी विचि बाणी अंम्रितु सारे', आणि पुढचा भाग लोक गाळतात, तोच महत्त्वाचा, 'गुरु बाणी कहै सेवकु जनु मानै परतखि गुरू निसतारे'. बाणी सांगते, सेवक मानतो, तेव्हा गुरू प्रत्यक्ष तारतो. म्हणजे दोन कामं आहेत, एक सांगायचं आणि एक मानायचं. पहिलं ग्रंथ करतो. दुसरं आपण केलं नाही तर तो रेशमी रुमाल्यात गुंडाळलेला कागदच राहणार, मग कितीही पंखा घाला. कान पकडायचं म्हणशील तर आसा दी वार वाचून बघ, सकाळी गुरुद्वाऱ्यात गातात ती. त्यात धोतर, टिळा, जानवं घालणारा पंडितही सुटत नाही आणि नमाज पढून माणसांना पिळणारा अंमलदारही सुटत नाही, आणि वाचता वाचता आपला नंबर कधी लागला हे कळतही नाही.

तिथेच तुझ्या पाळीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून ते आत्ताच उरकते. सुतक मानायचं तर सगळीकडेच सुतक आहे, असं नानक म्हणतात, 'गोहे अतै लकड़ी अंदरि कीड़ा होइ', शेणात किडे, लाकडात किडे, धान्याच्या जेवढ्या दाण्यांत जीव आहे तेवढं सुतक स्वयंपाकघरातच येऊन बसलंय, पाळणार किती आणि कसं? आणि मग सांगतात की मनाचं सुतक म्हणजे लोभ, जिभेचं सुतक म्हणजे खोटं. त्याच वारेत थोडं पुढे 'सो किउ मंदा आखीऐ जितु जमहि राजान' आहे, जिच्या पोटी राजे जन्मतात तिला वाईट का म्हणायचं. शीख रहत मर्यादेत (म्हणजे त्यांच्या आचारनियमांत) बाईने पाठ करायला, प्रकाश करायला (ग्रंथ उघडून मांडायला) कुठेही बंदी नाही. पाळीचा तर प्रश्नच येत नाही. आंघोळ, हात धुतलेले, डोक्यावर ओढणी, झालं. काही घरांत बायका तरीही पाळतात, ती घरची सवय असते, ग्रंथाची आज्ञा नव्हे. तुझ्या मम्मीजींना सरळ विचार, मला वाटतं त्या हसतील.

आता तुझी खरी दुखरी जागा. तो हुकमनामा.

तू लिहिलेली ओळ मला लगेच ओळखू आली. राग वडहंस, गुरू नानकांची 'अलाहणीआं'. पंजाबात पूर्वी कुणी गेलं की बायका जमून जी शोकगीतं गात त्यांना अलाहणी म्हणत, त्यांची घडण घेऊन नानकांनी ही रचना केली. 'मुहलति पुनी पाई भरी जानीअड़ा घति चलाइआ'. ती 'पाई' म्हणजे घटिकापात्रातली वाटी, आपल्याकडे लग्नात भटजी पाण्यात वाटी सोडून मुहूर्त बघायचे ना, तीच. वाटी भरली, वेळ झाली, जिवलगाला नेलं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असंच आहे ते, तुझे हातपाय गार पडले यात तुझं काही चुकलं नाही, त्यात बुआजींनी अर्धीच ओळ कानात सांगून पुढचं गिळलं.

पुढे काय आहे ते वाच. 'साहिबु सिमरहु मेरे भाईहो सभना एहु पइआणा'. भावांनो, साहेबाची आठवण ठेवा, हा प्रवास सगळ्यांनाच आहे. सभना! तुझ्या सासऱ्यांचं नाव काढून कुणी चिठ्ठी पाठवली नव्हती, बुआजींनाही तो प्रवास आहे, सर्जनलाही आहे, मलाही आहे. आणि मग 'आगै सरपर जाणा जिउ मिहमाणा काहे गारबु कीजै', पाहुण्यासारखे आलोय, जायचं तर नक्की आहे, मग ताठा कशाचा करायचा? सगळं वजन त्या शेवटच्या तीन शब्दांवर आहे. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलेल्या कुटुंबाला 'गर्व सोडा, आठवण ठेवा' याहून कामाचं वाक्य कुठलं मिळणार होतं सांग.

हुकमनामा घेतात कसा हे तू बघितलं असशील. ग्रंथ सहज उघडायचा, डाव्या पानाच्या वरच्या बाजूला जो शबद (पद) असेल तो वाचायचा, आणि तो शबद आधीच्या पानावर सुरू झाला असेल तर पान मागे उलटून सुरुवातीपासून पूर्ण वाचायचा. हा मागे जाण्याचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. अर्धं वाचून अर्थ काढू नका, असं रीतच सांगते. हुकम म्हणजे आजचा पाठ, आजचं शिकणं, वर्गात मास्तर आज जो धडा काढतील तो. मास्तरांनी पानिपतचा धडा काढला म्हणून घरी लढाई होत नाही. तरीही हे खरं आहे की शिखांमध्येसुद्धा कितीतरी लोक त्याचा शकुन करतात, दुकान उघडू का, कॅनडाचा व्हिसा होईल का, मुलीचं ठरेल का, आणि चांगलं निघालं की खूश, कडक निघालं की दुसऱ्या दिवशी परत. आणि गंमत म्हणजे त्याच ग्रंथात पाचव्या गुरूंनी लिहून ठेवलंय, 'सगुन अपसगुन तिस कउ लगहि जिसु चीति न आवै', शकुन-अपशकुन त्याला चिकटतात ज्याच्या चित्तात तो नाही. ग्रंथ उघडून शकुन बघायचा आणि ग्रंथानेच सांगायचं की शकुन बघू नकोस, आता यावर काय बोलायचं.

म्हणून ग्रुपवरचे हुकमनामे डिलीट करू नकोस. उघड, खाली अर्थ दिलेला असतो तो पूर्ण वाच, आणि 'माझं काय होणार' हे न शोधता 'मला आज काय करायला सांगितलंय' एवढंच शोध. एक युक्ती सांगते, शबदात 'रहाउ' लिहिलेली ओळ असते बहुतेक वेळा, तिथे शबदाचं मर्म असतं, आधी ती वाचायची मग बाकीचं. अलाहणीत रहाउ नाही, म्हणून तुला कुणी सांगितलं असतं तरी त्या दिवशी उपयोग नव्हता, पण इतर वेळी होईल.

आईचा मूर्तिपूजेचा मुद्दा. तख्त, वर चांदोआ (छत), चौर (चवरी), रुमाले, पहाटे प्रकाश, रात्री सुखासन (ग्रंथ मिटून झोपवणं), हे बाहेरून बघणाऱ्याला देवघरासारखंच वाटतं, वाटणारच. पण तो सगळा थाट दरबाराचा आहे, राजाला छत्र-चामर असायचं तसा. आणि सगळा थाट करून झाल्यावर शेवटी करायचं काय तर तो उघडायचा आणि वाचायचा. नुसतं दर्शन घेऊन निघालात तर काम अर्धवटच राहिलं. नांदेडला दिव्यांची आरती होते, थाळी फिरवतात, ते बघून आमच्याकडच्या लोकांना आपल्यासारखंच वाटतं, पण ती हुजूर साहिबची (नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्याची) जुनी रीत, रहत मर्यादेत मात्र धूप-दिवे लावून, घंटा वाजवून आरती करायला स्पष्ट नाही म्हटलंय. म्हणजे यावर त्यांच्यात त्यांच्यातही एकमत नाही, तू त्यात पडू नकोस. आईला हवं तर एक कोर्टाची गोष्ट सांग, तिला बातम्या आवडत असतील तर, 2000 साली सुप्रीम कोर्टाने गुरू ग्रंथ साहिबला कायद्याच्या नजरेत 'व्यक्ती' मानलं, म्हणजे त्याच्या नावावर मालमत्ता असू शकते. आणि सरूप (ग्रंथाची प्रत) जीर्ण झालं की ते रद्दीत जात नाही की नदीत सोडत नाहीत, गोइंदवालला नेऊन त्याला अग्नी देतात, माणसाला देतात तसा. तेव्हा जिवंत गुरू नाही म्हणणं तितकंसं बरोबर नाही.

आता घरात आणायचं का. इथे मी तुझ्या बाजूने आहे आणि मम्मीजींना वाईट वाटलं तरी चालेल. सरूप घरात कायमचं आणणं म्हणजे वेगळी खोली, रोज पहाटे प्रकाश, रोज रात्री सुखासन, बाहेरगावी गेलात तर कुणीतरी ते करणारं माणूस, आणि टू बीएचकेमध्ये तीन वर्षांची पोरगी. पहिले पंधरा दिवस सगळे उत्साहात उठतील आणि मग ते तुझ्यावर येईल, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, सुनेवर काय येत नाही? आणि जमलं नाही की बेअदबी झाली म्हणून अपराधीपणा, तोही तुझ्याच वाट्याला. पुष्कळ शीख घरांत यासाठीच सरूप न ठेवता सैंच्या ठेवतात, म्हणजे दोन भागांत छापलेली पोथी, त्यावरून सहज पाठ होतो, कपाटात उंचावर स्वच्छ जागी रुमाल्यात ठेवली की झालं, प्रकाश-सुखासनाचा सगळा विधी लागत नाही. मम्मीजींना म्हण, "मम्मीजी, सैंची आणूया, पाठ मी तुमच्यासोबत करते." दुसरं वाक्य ऐकलं की पहिल्याचं दुःख राहणार नाही. नवऱ्याला हे आधी सांगून ठेव, दोघींच्या मधे त्याला गप्प बसू देऊ नकोस. घरही त्याचं आहे आणि गुरूही त्याचा.

सहज पाठाला मुदत नसते, हेच त्याचं सुख. अखंड पाठ 48 तासांत न थांबता संपवतात, पाठी बदलत राहतात, आणि मी अशी घरं बघितली आहेत जिथे आत पाठी वाचतोय आणि बाहेर सगळं घर केटररशी पनीरवरून भांडतंय, एकही माणूस ऐकायला बसलेला नाही. त्यापेक्षा तुमचा सहज पाठ बरा. एकूण 1430 पानं आहेत, त्यांना अंग म्हणतात. रोज चार अंग म्हटलीस तर वर्षाच्या आत-बाहेर होतं, दोन म्हटलीस तर दोन वर्षं, कुणाचं काही अडत नाही.

गुरुमुखीचं टेन्शन घेऊ नकोस, पैंती म्हणजे पस्तीस अक्षरं, देवनागरी येणाऱ्याला काही आठवड्यांत ओळखू यायला लागतात, मात्रा तर बऱ्याचशा सारख्याच. देवनागरीत छापलेले नितनेमचे (रोजच्या पाठाचे) गुटके मिळतात, तोवर ते वापर. तू एक काम कर, सुरुवात पहिल्या अंगापासून मम्मीजींना करू दे आणि तू स्वतःसाठी वेगळी वाट धर, नामदेवांपासून. आपले नामदेव, शिंपी, पंढरपूरचे, त्यांचे 61 शबद या ग्रंथात आहेत आणि प्रत्येक शीख त्या पानासमोरही तितकंच डोकं टेकवतो जितकं नानकांच्या पानासमोर. कबीर विणकर, रविदास चांभार, सैन न्हावी, फरीद मुसलमान सुफी, सगळे एकाच पालखीत. आईला हे माहीत नसणार. पंजाबात घुमान नावाचं गाव आहे, तिथे नामदेव शेवटची वर्षं राहिले असं मानतात, 2015 चं आपलं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं.

नामदेवांचा एक शबद आहे रामकलीत, तो काढून वाच. 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले'. कागद आणला, कापून पतंग केला, आभाळात सोडला, पोरगं दोस्तांशी गप्पा मारतंय पण चित्त दोरीवर. बायका घागरी भरून निघाल्यात, हसतायत, टाळ्या देतायत, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरतेय, चित्त वासरापाशी. आणि शेवटी, आई पोराला पाळण्यात झोपवून घरात-बाहेर कामात बुडालीये, पण चित्त बाळापाशी. रहाउच्या ओळीत सोनार येतो, त्याचं मन जसं कारागिरीत रुतलेलं तसं माझं मन रामनामात वेधलंय, म्हणतात. ऑफिस, पोरगी, स्वयंपाक, सासर-माहेर यातून तुला काही वेगळा वेळ मिळणार नाही हे ह्या शिंप्याला सातशे वर्षांपूर्वी माहीत होतं. हा शबद मराठी बाईला शिकवायला गुरुमुखी ग्रंथ लागला, तर लागू दे की.

असा एखादा शबद महिना-दोन महिने धरून ठेव. कुकरच्या शिट्ट्या मोजताना तो डोक्यात चालू दे, लोकलमध्ये असशील तर कानात लावून ऐक, यूट्यूबवर रागी जथ्यांची कीर्तनं हवी तेवढी आहेत. आणि काही अडलं तर गुरुद्वाऱ्यातल्या ग्यानीजींना विचार, संगतीत बस, कथा ऐक. जिवंत माणसं लागतातच, आईचं तेवढं बरोबर आहे. फक्त ती सोबत शिकणारी, वरच्या वर्गातली.

ग्रंथाच्या शेवटाकडे, 1429 अंगावर, गुरू अर्जनांची मुंदावणी (समारोपाची रचना) येते, ती ऐकताना तुला सोपं जाईल: 'थाल विचि तिंनि वसतू पईओ सतु संतोखु वीचारो', ताटात तीन पदार्थ वाढलेत, सत्य, संतोष आणि विचार, आणि पुढे म्हणतात की जो खाईल, जो पचवेल त्याचा उद्धार. ताट बघून नमस्कार करणाऱ्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

आईला काय सांगायचं? वाद घालून काही होणार नाही, त्यांच्या वयात गुरू बदलत नसतो आणि कुणी बदलायला सांगतही नाहीये. तू दोन्हीकडे नमस्कार करू शकतेस, आईच्या महाराजांच्या फोटोला आईसाठी म्हणून, मोठ्यांचा मान म्हणून. पण पिंपरीच्या घरातला निर्णय तिकडे विचारायला जाऊ देऊ नकोस, पोरीची शाळा कुठली, दुसरं मूल कधी, हे तुमचं तुम्ही ठरवा, हेही हुकमनाम्यातून काढू नका, तुला सांगितलंच.

आणि पाठाचा भोग पडेल (म्हणजे पाठ पूर्ण होईल) त्या दिवशी आईला आवर्जून बोलाव, आदल्या रात्रीच मुक्कामी येऊ दे. रागी येणार असतील तर त्यांना आधीच सांगून नामदेवांचा एखादा शबद गायला लाव, 'ईभै बीठलु ऊभै बीठलु' म्हण, इकडे विठ्ठल तिकडे विठ्ठल, आईला तो ऐकला की पुढचं समजावायची गरज नाही. हळदकुंकू, फुलांचा हार, नैवेद्य घेऊन येईल ती, तर फुलं चालतील, रुमाला आणला तर उत्तम, हळदकुंकू मात्र तुझ्या कपाळाला लावायला सांग, ग्रंथाला नको. डोक्यावरून पदर घे म्हणावं, कढाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. आणि मिश्रीची डबी, लावत असेल तर, घरी ठेवून ये म्हणावं, पर्समध्येसुद्धा नको, तंबाखू तिथे अजिबात खपत नाही आणि मम्मीजींच्या नाकातून ती सुटायची नाही.